भिंतीकडे तोंड केलेलं पोतं

"थोरात बाई, दार लावून घ्या," तात्यासाहेब म्हणाले.

मी दार लावलं. प्राचार्यांच्या खोलीचं दार एरवी सताड उघडं असायचं. ते लागलं की अख्ख्या कॉलेजने समजायचं, आत कुणाची तरी बिनपाण्याची चालली आहे. त्या दुपारी ती लाड सरांची होती. सर टेबलासमोरच्या खुर्चीत बसले होते, तेही असे कडेला, की कुणी जरा मोठ्याने शिंकलं असतं तर खाली पडले असते.

तात्यासाहेब डुबल आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शेतकरी माणूस. मुलींसाठी कॉलेज काढायचं म्हणून त्यांनी स्वतःची नदीकाठची जमीन दिली होती आणि त्या जमिनीवरून मुलगी खाली मान घालून गेलेली त्यांना खपत नसे. शेजारच्या खुर्चीत प्राचार्या वर्तक मॅडम. संस्कृतच्या. इस्त्रीची घडी न मोडणारी साडी आणि तशीच भाषा. मी त्या दोघांपुढे काल आलेली पोर. संगणक कक्ष माझ्याकडे होता, तेवढ्यापुरता माझा मान.

"ह्यो कागद वाचा आणि त्याचा अर्थ सांगा," तात्यासाहेबांनी एक कागद माझ्याकडे सरकवला.

कागद मी ओळखला. आमच्या प्रॉक्सी सर्व्हरचा मासिक गोषवारा होता तो; दर महिन्याला मी तो न बघताच छापून पाठवत असे. कॉलेजात इंटरनेट नवं होतं आणि सगळ्या इमारतीला मिळून जोडणी एकच. कुणीही कुठलंही पान उघडायला गेलं की आधी माझ्या खोलीतल्या त्या मशीनची परवानगी लागे. मशीनने हो म्हटलं तर पान उघडे, नाही म्हटलं तर लाल पट्टीचं इंग्रजी पान येई. कशाला हो आणि कशाला नाही म्हणायचं, ते ठरवणाऱ्या फाइली पुण्याच्या एका कंपनीने दिल्या होत्या. मुलींचं कॉलेज म्हटल्यावर त्यांनी आम्हाला सगळ्यात कडक संच दिला आणि वर सांगितलं, यात इंग्रजीच काय, आपल्याकडचे देशी शब्दसुद्धा घातलेत.

फाइलीत पानाची पानं यादी असेल, ती मी वाचीन, असं मला आधी वाटलं होतं. तसं काही नव्हतं. त्या कंपाइल करून, म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत बांधून आलेल्या. माणसाने उघडल्या तर नुसती गिचमिड. पिठाचा डबा हाती यावा, पण आत कुठला दाणा दळला गेलाय ते जात्यालाच ठाऊक, तसली गत.

"वाचा की मोठ्यानं," तात्यासाहेब म्हणाले.

मी वाचलं. "जीवशास्त्र विभाग. अश्लील मजकूर. अडवलेले प्रयत्न…" पुढचा आकडा बघून माझी जीभ अडखळली. बाकीच्या सगळ्या विभागांपुढे शून्य होतं. जीवशास्त्रापुढे असा आकडा होता की माणूस महिनाभर दुसरं काही करतच नव्हता असं वाटावं.

"त्या संगणकावर कोण बसतं?"

"प्रयोगशाळेतला आहे तो. तिथे…" मी लाड सरांकडे पाहिलं.

"मीच बसतो," सर म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते."

"दुसरं कोण?"

"कुणी नाही."

माणसाने स्वतःला वाचवायचं ठरवलं तर निदान एवढं तरी म्हणावं, की शिपाई येतो, मुली येतात, खिडकी उघडी राहते. सरांनी तेवढंही केलं नाही. मला त्यांचा रागच आला.

टेबलावर अजून एक कागद होता, विद्यापीठाकडून आलेला. तो काय आहे हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. विश्वंभर लाड तासिकेवर राबून राबून आता कुठे कायम व्हायचे होते. मुलगी अकरावीला आली, तीही याच कॉलेजात, तरी बाप तासाच्या हिशोबानेच शिकवत होता. विद्यापीठाने मान्यता पाठवली होती. तात्यासाहेबांची सही झाली की सर कायम. आणि तो कागद आता तात्यासाहेबांनी पेपरवेटखालून काढून बाजूला ठेवला होता.

"काय बगत हुता, लाड?"

"खत प्रकल्पाची माहिती शोधत होतो. आपणच सांगितलं होतं."

हे खरं होतं. कॉलेजच्या मागच्या बाजूला तात्यासाहेबांनी खताचे वाफे घालायला लावले होते आणि सर प्राणिशास्त्राचे म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. नमुन्याचं एक भरलेलं पोतं खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं, भिंतीकडे तोंड करून.

"खताची माहिती अश्लील असती व्हय?" तात्यासाहेबांचा आवाज चढला. "मला शिकवू नका. ही पोरींची जागा हाय. उद्या गावात बोभाटा झाला तर एक आई आपली लेक हितं पाठवायची न्हाई. तुमची लेक बी हितंच शिकती न्हवं?"

सरांचा चेहरा तेव्हा उतरला. तोवर तो नुसता फिका होता.

"मी कंपनीला फोन लावते," मी म्हटलं. "कुठल्या शब्दावर अडवलं ते त्यांना कळेल."

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या पोराने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि पाठ केल्यासारखं उत्तर दिलं. "मॅडम, फाइल प्रीकंपाइल्ड असते. आतले शब्द आम्ही कस्टमरला देत नाही, पॉलिसी आहे."

"नोंदी बघता येतील?"

"नोंदी तुमच्याच मशीनवर असतात."

त्या आमच्या मशीनवर नव्हत्या. डिस्क एवढीशी, म्हणून मशीन जुन्या नोंदी दर आठवड्याला पुसून टाकी. मागे उरे तो हा गोषवारा. कुठला विभाग, कसला मजकूर, किती वेळा. कुठलं पान, ते नाही.

"फाइल चुकू शकते का?" मी विचारलं.

"फाइल कशी चुकेल, मॅडम? तिच्यात जे घातलंय तेच ती अडवते."

फोन बंद झाला. वर्तक मॅडमनी पदर सारखा केला. तात्यासाहेब खिशातलं पेन शोधू लागले. पेन सापडण्याआधी काहीतरी करायला हवं, एवढं मला कळत होतं.

"एक करू या का?" मी म्हटलं. "मॅडमचा संगणकही त्याच मशीनमधून जातो. सरांनी जे शोधलं तेच इथे शोधू. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तात्यासाहेबांनी मान हलवली. मी मॅडमच्या खुर्चीत बसले, त्या बाजूला उभ्या राहिल्या. तात्यासाहेब माझ्या मागे आले. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"सर, नेमका कुठला शब्द टाकला होता तुम्ही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग त्यांची नजर जमिनीवर गेली आणि तिथेच राहिली.

"भूनाग," ते म्हणाले.

संगणकावर मराठी तेव्हा कुणाला येत नव्हतं. सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. मीही तसंच एकेक अक्षर टाकलं. नेट आमच्याकडचं, गरगर फिरत राहिलं. कॉलेजात एक रीतच पडली होती, पान आलं नाही की पुन्हा दाब, पुन्हा नाही आलं की पुन्हा दाब, एखाद्या वेळी येतंच. मी दाबायला बोट उचललं आणि पान उघडलं. भुईत राहणाऱ्या त्या गरीब जिवाची माहिती, चित्रासकट. कुठे लाल पट्टी नाही, काही नाही.

"उघडलं की ओ," तात्यासाहेब म्हणाले.

मी सरांना वाचवायला गेले आणि त्यांचा गळाच फासात दिला.

"आमच्यात काडू म्हणत्यात त्याला. काडू घाला."

मी काडू टाकलं; इंग्रजी अक्षरांत त्याचं कडू झालं. कारल्याचा कडूपणा कसा घालवावा याची पानंच्या पानं आली. अडवलं काहीच नाही.

"झालं?" तात्यासाहेब आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता आणि मला त्याचीच भीती वाटली. "लाड, मी तुम्हाला सज्जन समजत हुतो."



"तात्यासाहेब," वर्तक मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चौकशी वगैरे नको. चार तोंडी विषय जाईल. यांनी आपण होऊन राजीनामा द्यावा. प्रकृतीचं कारण लिहावं. यांची मुलगीही आहे इथे."

"देतो," सर म्हणाले.

इतक्या चटकन, की मी मागे वळून बघितलं. खडू मागितल्यावर खडू द्यावा तसा तो माणूस आपली सगळी मेहनत देऊन टाकत होता. त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरत होता आणि तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. पण खरंही पुरतं बोलत नाही. चोर असता तर कांगावा केला असता. हे चोर सोडून संन्याशाला फाशी चाललंय आणि संन्यासी स्वतःच दोर आणून देतोय.

मॅडमनी कोरा कागद काढला. सर उठले. टेबलाशी जाताना त्यांचा पाय कोपऱ्यातल्या पोत्याला लागला आणि त्यांनी सवयीने वाकून ते पुन्हा नीट उभं केलं, होतं तसंच, भिंतीकडे तोंड करून.

मी त्या पोत्याकडे बघत राहिले. कंपनीने देशी शब्द घातले होते. मॅडमनी पोतं वळवून ठेवलं होतं. ते पोतं आलं त्या दिवशी मी याच खोलीत होते. शिपायाने ते ठेवलं, मॅडमनी एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे जरा पलीकडे वळवून ठेव बाबा, इथे लोक येतात-जातात." तेव्हा मला वाटलं होतं, त्यावर तात्यासाहेबांचा फोटो भडक छापलाय म्हणून असेल.

"सर, थांबा. लिहू नका," मी म्हटलं.

"आता काय ऱ्हायलं, बाई?" तात्यासाहेब म्हणाले.

मला तो शब्द तोंडाने म्हणता आला असता का? आज म्हणेन, चारदा म्हणेन. तेव्हा अध्यक्ष समोर, प्राचार्या शेजारी, आणि माझं वय ते किती. मी उठले, कोपऱ्यात गेले आणि पोत्याला दोन्ही हातांनी धरून खोलीकडे तोंड केलं.

वरती तात्यासाहेबांचा फेट्यातला हसरा फोटो होता. खाली हिरव्या, तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : अस्सल गांडूळखत.

"मग?" तात्यासाहेब म्हणाले. "माझंच हाय की ते."

मी परत खुर्चीत बसले. तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला आणि बटण दाबलं. यावेळी नेटने मुळीच वेळ घेतला नाही. लाल पट्टी आली. खाली कारण दिलेलं होतं : अश्लील मजकूर.

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तात्यासाहेबांनी चष्मा लावला. मोठेपणी इंग्रजी शिकलेला माणूस वाचतो तसं त्यांनी मी टाकलेल्या शब्दावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "जी… ए… एन… डी… यू…" आणि तिथे त्यांचं बोट थांबलं.

वर्तक मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

"मशीनला शब्द पुरता कळत नाही, तात्यासाहेब," मी म्हटलं. "पत्त्यात ती पाच अक्षरं दिसली की ते अडवतं. पुढे काय आहे ते बघत नाही. खताच्या प्रत्येक पानाच्या नावात हा शब्द आहे. सरांना वाटलं असेल नेट गेलं, म्हणून ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. जितक्या वेळा दाबलं, तितक्या वेळा ते अश्लील झालं."

तात्यासाहेबांनी लाल पट्टीकडे पाहिलं. मग पोत्यावरच्या स्वतःच्या फोटोकडे. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"आणि तुम्ही," ते सरांकडे वळले, "भूनाग भूनाग काय लावलंत? ह्यो शब्द तोंडात आला न्हाई? मिठाची गुळणी धरून बसला हुता व्हय?"

सर उभेच होते. हातात मॅडमचा कोरा कागद.

"मी सांगितलं होतं त्यांना," वर्तक मॅडम म्हणाल्या. खिडकीकडून वळल्या नाहीत. "वर्गात मुली हसतात म्हणून एक पालक आले होते. मी म्हटलं, भूनाग म्हणत जा. शुद्ध शब्द आहे."

"शुद्ध!" तात्यासाहेब म्हणाले. एवढंच. पण तो एक शब्द त्यांनी असा टाकला की त्यात उरलेलं सगळं आलं. त्यांनी सरांच्या हातातला कोरा कागद काढून घेतला, विद्यापीठाचा कागद पुढे ओढला आणि सही केली. लफ्फेदार सही होती त्यांची. दाबून केली.

"जावा आता. पोरी वाट बगत असतील."

बाहेर व्हरांड्यात सर भिंतीला टेकून उभे होते. तिथे मी त्यांना गाठलं. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आता कुठे कपाळ पुसलं.

"सर, तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"की त्या शब्दामुळे झालंय."

"तुम्ही गोषवारा वाचलात ना, अश्लील म्हणून. तेव्हाच."

मी बघतच राहिले. "तेव्हाच? मग मी विचारलं तेव्हा भूनाग का म्हणालात?"

"तुम्हाला समजेल असं वाटलं."

"सर! तुम्ही राजीनामा द्यायला निघाला होता!"

"हो." त्यांनी रुमालाची नीट घडी घातली. "पण ते समजावून सांगायचं म्हणजे शब्दाची फोड करून सांगावी लागली असती. कुठपर्यंत अश्लील आणि कुठून पुढे नाही. मॅडम होत्या तिथे. तुम्ही होता. माझ्या मुलीच्या वयाच्या नाही, पण तरी."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची तेव्हा ते मला म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वाटायचं. इथे एक चांगला माणूस माझ्या डोळ्यांदेखत भिकेला लागायला निघाला होता, आणि कशासाठी, तर माझ्या कानांवर एक शब्द पडू नये म्हणून. माझ्या! मी त्या मशीनला दिवसातून दहादा त्याहून वाईट काही म्हणत असे.

"सर," मी म्हटलं, "तुमच्या मुलीला उद्या कुणी विचारलं असतं, तुझ्या वडिलांनी नोकरी का सोडली, तर तिने काय सांगायचं होतं?"

तास झाल्याची घंटा वाजली आणि ते गेले.

फाइलीचं म्हणाल तर तिच्यातून तो शब्द काढणं माझ्या हातात नव्हतं. बांधलेली फाइल सुटत नाही, नवी बांधून यावी लागते. कंपनीने ती पाठवायला जवळजवळ पावसाळा घालवला. तोवर दर महिन्याला गोषवारा येत राहिला. पुढच्या महिन्यात जीवशास्त्रापुढे जेमतेम काही होतं, आणि अश्लील मजकुराच्या रकान्यात सगळ्यात वर होतं, अध्यक्षांचं कार्यालय. तात्यासाहेब स्वतः रोज टाकून बघत होते, अजून अडतंय का. तो गोषवारा मी कुणाला न दाखवता घरी नेला.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी प्रयोगशाळेवरून चालले होते. दार उघडं होतं, बाकांवर मुली दाटीने बसलेल्या, पहिल्या बाकावर एक वेण्या घातलेली मुलगी आपला वर्ग सोडून मुद्दाम येऊन बसलेली, चेहरेपट्टी सरांचीच. गावात सगळं आदल्या संध्याकाळीच पोहोचलं होतं. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. हातात खडू होता आणि तो फळ्याला टेकत नव्हता.

मग त्यांनी लिहिलं. मोठ्या अक्षरांत, पोत्यावर होतं तेवढ्या. वर्गाकडे वळले.

"गांडूळ," सर म्हणाले.

मागच्या बाकावरून खुदकन आवाज आला, मग दुसरा. सरांच्या मानेवरून लाली वर चढली. मला वाटलं, आता हा माणूस फळा पुसणार. पहिल्या बाकावरची ती मुलगी वही उघडून, मान वर करून बापाकडे बघत होती.

"सगळ्यांनी म्हणा," ते म्हणाले. "स्पष्ट. शेवटपर्यंत."